कॉम्प्युटर चालता चालता बंद पडतो? कॅबिनेट उघडण्याआधी वेळा लिहून काढा

घरच्या डेस्कटॉपबद्दल माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार ही: "चालता चालता फाटकन बंद पडतो. परत लावला की लागतो. दोन दिवस बरा चालतो आणि पुन्हा तेच." नातेवाईक, शेजारी, त्यांच्या ओळखीचे असं करत हा एकच बिघाड मी गेली कित्येक वर्षं काढत आले आहे. आणि बहुतेक घरी मी पोचेपर्यंत दोन गोष्टी होऊन गेलेल्या असतात. विंडोज नव्याने टाकलेली असते आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून नवी रॅम आणलेली असते. बंद पडणं तसंच चालू असतं. विंडोज टाकताना जुने फोटो आणि हिशेबाच्या फायली गेल्या, हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण त्याची मुळात गरजच नव्हती.

हा बिघाड शोधायला सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे कागद आणि पेन. कॉम्प्युटर कधी बंद पडला, सुरू करून किती वेळ झाला होता, तेव्हा काय चाललं होतं, घरात दुसरं कुठलं उपकरण त्याच क्षणी सुरू झालं का, हे चार-पाच वेळा लिहून काढा. निम्मं निदान त्या कागदावरच होतं.

आधी लक्षणं नीट ओळखा

बटण दाबल्यावर चार-पाच सेकंदांत बंद पडतो, आणि दर वेळी तेवढ्याच वेळात: पॉवर बटण अडकलेलं असण्याची शक्यता मोठी. का, ते पुढे सांगते.

दहा-वीस मिनिटं बरा चालतो, पंख्याचा आवाज वाढत जातो आणि मग बंद. लगेच परत लावला तर आधीपेक्षा लवकर बंद पडतो. तासाभराने लावला तर पुन्हा पहिल्याइतका वेळ चालतो. ही उष्णता.

पंख्याचा आवाज वाढत नाही, काही इशारा नाही, पण गेम सुरू झाला किंवा व्हिडिओ एडिटिंगचं काम लावलं की त्याच क्षणी बंद. इथे एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घ्या.

इस्त्री, हीटर, मिक्सर सुरू झाल्यावर किंवा वीज जाऊन यूपीएसवर येताना बंद: दोष कॉम्प्युटरच्या बाहेर आहे.

निळा स्क्रीन क्षणभर चमकून कॉम्प्युटर परत सुरू होतो: रॅम, ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्डासारखे भाग चालवणारं सॉफ्टवेअर), कधी डिस्क.

टेबलाला धक्का लागला, पायाने केबल हलली की बंद: कुठेतरी जोडणी सैल आहे.

आणि चित्र जागच्या जागी गोठतं, माउस हलत नाही, पण पंखे फिरतच राहतात, याला बंद पडणं म्हणू नका. तो हँग होणं. कारणं थोडीफार सारखी असली तरी तिथे डिस्क आणि रॅम आधी पाहावी लागते, वीजपुरवठा नंतर.

एक गोंधळ इथेच दूर करते. लोक विचारतात, "आमचा बंद पडून आपोआप परत सुरू होतो, शेजाऱ्यांचा बंदच राहतो, म्हणजे बिघाड वेगळा का?" तसं असेलच असं नाही. वीज क्षणभर तुटून परत आली तर काय करायचं, हे बायोसमधली (मदरबोर्डमधलं, विंडोजच्या आधी सुरू होणारं सॉफ्टवेअर) एक सेटिंग ठरवते. ती चालूवर असेल तर कॉम्प्युटर स्वतःहून उठतो, बंदवर असेल तर बटणाची वाट बघत बसतो. बिघाड दोन्हीकडे एकच असू शकतो.

पुढे जाण्याआधी हव्या त्या फायली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. लिहिणं चालू असताना वीज तुटली की फाइल खराब होऊ शकते, आणि या बिघाडात ती पुन्हा पुन्हा तुटते. याच कारणासाठी बिघाड सापडेपर्यंत बायोस अपडेट करू नका. अपडेट अर्ध्यावर असताना कॉम्प्युटर बंद पडला तर मदरबोर्ड सुरूच होईनासा होण्याची भीती असते. "बायोस अपडेट कर, ठीक होईल" हा सल्ला या बिघाडात सगळ्यात धोक्याचा आहे.

खरंच बंद पडला का, ते विंडोजला विचारा

याला काहीच खर्च नाही आणि पाच मिनिटं पुरतात. स्टार्ट मेन्यूमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, त्यात विंडोज लॉग्ज आणि त्याखाली सिस्टिम उघडा. कागदावर लिहिलेल्या वेळेच्या आसपासच्या नोंदी बघा.

१०७४ क्रमांकाची नोंद असेल तर कुणीतरी रीतसर बंद किंवा रीस्टार्ट करायला सांगितलं होतं. पुष्कळदा हे सांगणारं अपडेटच असतं. ४२ क्रमांक असेल तर कॉम्प्युटर स्लीपमध्ये गेला होता. "दर अर्ध्या तासाने बंद पडतो" अशा तक्रारीवर मी दोन घरांत नुसती स्लीपची वेळ बदलून परत आले आहे.

४१ क्रमांकाची, कर्नल-पॉवर या नावाची नोंद असेल तर कॉम्प्युटर खरोखर अचानक बंद पडला. तिच्यासोबत बहुधा ६००८ हीसुद्धा दिसते. नावात पॉवर शब्द पाहून लोक लगेच नवा एसएमपीएस आणतात. पण ही नोंद बंद पडताना होतच नाही. पुढच्या वेळी सुरू झाल्यावर विंडोजच्या लक्षात येतं की मागच्या वेळी आपण नीट बंद झालो नव्हतो, आणि तेव्हा ती लिहिली जाते. म्हणजे काय घडलं एवढंच ती सांगते, का घडलं हे सांगत नाही. तुम्ही बटण दाबून धरून जबरदस्तीने बंद केलात तरी हीच नोंद होते. उपयोगाची गोष्ट तिच्या तपशिलात असते: बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा क्रमांक) शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आत सगळं थांबलं, म्हणून वीज, उष्णता, बटण, जोडण्या यांच्याकडे वळा. आकडा शून्य नसेल तर निळा स्क्रीन येऊन गेला आहे, मग ड्रायव्हर आणि रॅमकडे.

निळा स्क्रीन वाचायच्या आत निघून जात असेल तर सिस्टिमच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी या भागात आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढून टाका. मग स्क्रीन थांबून राहील आणि मोबाइलवर फोटो काढता येईल.

भिंतीपासून कॅबिनेटपर्यंत

आता तारेचा मागोवा. कॅबिनेटच्या मागे लागणारी पॉवर केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. ती अर्धवट बसलेली असली तरी कॉम्प्युटर चालतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण कॅबिनेट सरकवताना, झाडताना ती हळूहळू निसटत असते. एसएमपीएसवरचं छोटं बटण धड चालूवर आहे ना, तेही पाहा.

मग एक्स्टेन्शन बोर्ड काढून टाका आणि कॉम्प्युटर थेट भिंतीतल्या चांगल्या सॉकेटवर दोन-तीन दिवस चालवा. प्लग सॉकेटमध्ये डुगडुगत असेल, तिथे चरचर आवाज येत असेल, प्लास्टिक पिवळं-काळं पडलं असेल तर ते सॉकेट वापरूच नका. सैल जोडणीत ठिणगी पडते, ठिणगीने धातू जळतो आणि जोडणी आणखी सैल होते. एका घरी कॉम्प्युटर फक्त सकाळी बंद पडायचा. कागदावर आठ दिवसांच्या वेळा लिहिल्यावर दिसलं की त्याच बोर्डावर रोज त्या वेळी इस्त्री लागत होती. कॉम्प्युटरमध्ये काहीच बिघडलं नव्हतं.

कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर इथेच थांबा. एसएमपीएसच्या आतला फिल्टर थोडासा प्रवाह अर्थिंगकडे सोडत असतो. अर्थिंग तुटलेलं असेल तर तो धातूवर येऊन बसतो. हे काम कॉम्प्युटरवाल्याचं नाही, इलेक्ट्रिशियनचं आहे, आणि ते आधी करून घ्या.

यूपीएस: नेमका रक्षकच दगा देतो

यूपीएस असेल तर तो मधून काढून आठवडाभर थेट विजेवर चालवून बघा. यूपीएस कॉम्प्युटरला वाचवायला असतो, त्यामुळे दोष त्याच्यातच असेल हे लोकांना पटत नाही. पण घरगुती यूपीएसमधली लेड-अॅसिड बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत म्हातारी होते, उष्ण जागेत त्याहून लवकर. दिवा हिरवाच दिसतो. मग विजेचा दाब क्षणभर खाली येतो, यूपीएस बॅटरीवर जातो, बॅटरीत दम नसतो आणि कॉम्प्युटर बंद. दिवे जेमतेम लुकलुकलेले असतात, त्यामुळे "वीज तर गेलीच नव्हती" असं सगळे सांगतात.

तपासायचं असेल तर कॉम्प्युटरऐवजी टेबलावरचा दिवा यूपीएसला लावा आणि यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. दिवा विझला तर बॅटरी संपलेली आहे, प्रश्न मिटला. दिवा टिकला तर मात्र बॅटरी चांगली असं समजू नका. दिव्याचा भार फारच थोडा असतो.

यूपीएसवरचा आकडाही नीट वाचा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. अशा बऱ्याच यूपीएसची खरी क्षमता ३६० वॅटच्या आसपास असते आणि त्यात मॉनिटरही धरावा लागतो. ग्राफिक्स कार्ड वाढवलं आणि यूपीएस जुनाच ठेवला, तर वीज गेल्यावर भार पेलत नाही.

आणखी एक बारकावा. घरगुती यूपीएसला विजेवरून बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात, साधारण चार ते दहा. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेवर काढायचा असतो. चांगला एसएमपीएस सोळा-सतरा मिलिसेकंद काढतो. वय झाल्यावर कपॅसिटर कमी साठवतात आणि हा अवधी आखडतो. म्हणजे यूपीएस नवा असूनही वीज जाताच कॉम्प्युटर बंद पडत असेल, तर एसएमपीएस थकला असू शकतो. शिवाय काही स्वस्त यूपीएस पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात आणि अॅक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट) असलेल्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही. तिथे दोन्ही वस्तू चांगल्या असूनही जोडी जमत नाही.

अडकलेलं बटण

पॉवर बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं की कॉम्प्युटर जबरदस्तीने बंद होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. आता विचार करा: बटण दाबलं, ते आत गेलं आणि चिकटलं. कॉम्प्युटर सुरू झाला, पण मदरबोर्डला वाटतंय की बोट अजून बटणावरच आहे. चार सेकंद झाले की तो आज्ञा पाळतो आणि बंद होतो. धूळ, ओल्या फडक्याने पुसलेलं कॅबिनेट, सांडलेलं सरबत, काहीही कारण पुरतं.

बटण दोन-तीनदा पूर्ण दाबून सोडून बघा, टक् आवाज येतो का ऐका. खात्री करायची असेल तर कॅबिनेट उघडून मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या बारीक पिनांवरून पॉवर स्विचची दोन तारांची टोपी काढा आणि त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवा. पिना नेमक्या कोणत्या ते मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत असतं. अंदाजाने टेकवू नका. अशा रीतीने सुरू करून कॉम्प्युटर चालूच राहिला तर दोष बटणाचा. तात्पुरता उपाय म्हणून रीसेट बटणाची टोपी त्या पिनांवर लावता येते. रीसेटचं बटण मग पॉवर बटणाचं काम करतं.

उष्णता: इथे घाई करू नका

मी काढलेल्या बिघाडांत धूळ आणि उष्णता सगळ्यात वरच्या क्रमांकावर आहेत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

कॅबिनेट न उघडता आधी तापमान बघा. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पसारखी फुकट साधनं आहेत. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरांची ९०, आणि ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. मर्यादेजवळ गेल्यावर प्रोसेसर लगेच बंद होत नाही. आधी तो स्वतःचा वेग कमी करतो. तरीही तापमान चढतच राहिलं तर शेवटचा उपाय म्हणून वीज तोडतो. म्हणून बंद पडण्याआधी काही मिनिटं कॉम्प्युटर जड झाला होता का, हे आठवून बघा. रायझन ७००० वर मात्र जड कामात ९५ दिसले म्हणून घाबरू नका, तो प्रोसेसर तिथपर्यंत जाण्यासाठीच बनवला आहे. आकडा कामाशिवायही ८०-९० ला बसला असेल तर काहीतरी बिघडलंय.

कॅबिनेट कुठे ठेवलंय तेही पाहा. टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला चिकटून, सतरंजीवर किंवा गालिच्यावर ठेवलेल्या कॅबिनेटला श्वासच घेता येत नाही. बऱ्याच कॅबिनेटांत एसएमपीएस खालून हवा ओढतो. खाली कापड आलं की त्याचं तोंड बंद होतं.

साफ करताना प्लग पूर्ण काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून मगच आत हात घाला, अंगावरची स्थिर वीज तिथे उतरते. ब्लोअर किंवा हवेचा डबा वापरा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर मदरबोर्डजवळ नेऊ नका. त्याच्या नळीच्या टोकाशी स्थिर वीज साठते.

धूळ पंख्यावर दिसते, पण नडते ती पंख्याखाली. हीटसिंकच्या (प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) पात्यांमध्ये तिची नमद्यासारखी गादी तयार होते आणि वरून पंखा कितीही फिरला तरी हवा खाली जात नाही. पंखा काढून बघितल्याशिवाय ती दिसत नाही.

इंटेलच्या प्रोसेसरबरोबर येणारा जो कूलर चार प्लास्टिकच्या पिनांनी बसतो, त्याच्या चारही पिना बोटाने दाबून बघा. चारांतली एक निसटलेली मला इतक्यांदा सापडली आहे की आता मी पहिल्यांदा तेच बघते. एक पिन सुटली की हीटसिंक एका बाजूने उचलला जातो, प्रोसेसर आणि त्याच्यात फट पडते. ती केसाएवढी असली तरी उष्णता अडते.

हे सगळं करूनही आकडा उतरला नाही तर थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप. पाच-सहा वर्षांची पेस्ट बऱ्याचदा वाळून खडूसारखी झालेली असते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मधोमध वाटाण्याएवढा नवा ठिपका ठेवा. जास्त घातल्याने फायदा होत नाही. एएमडीचा एएम४ सॉकेटचा प्रोसेसर असेल तर हीटसिंक सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरच त्याला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो आणि खालच्या पिना वाकतात. आधी दहा मिनिटं कॉम्प्युटर चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, बंद करून प्लग काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हळूच फिरवत सोडवा. हात कापत असेल, मन साशंक असेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या; त्याला ते अर्ध्या तासाचं आहे.

दोष विंडोजचा की यंत्राचा?

विंडोज नव्याने टाकण्याआधी हे करा. पेन ड्राइव्हवर लिनक्सची थेट चालणारी आवृत्ती, उदाहरणार्थ उबुंटू किंवा मिंट, तयार करा आणि तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू करा. डिस्कवर काही बसवायचं नाही, नुसतं दोन-तीन तास व्हिडिओ लावून चालू ठेवायचं. तिथेही बंद पडला तर विंडोज निर्दोष आहे, तिला हात लावू नका. तिथे सुरळीत चालला आणि विंडोजवर येताच बंद पडला, तर ड्रायव्हरकडे बघा, विशेषतः नुकत्याच बदललेल्या ग्राफिक्स ड्रायव्हरकडे. एक सावधगिरी: जड खेळात बंद पडणारा कॉम्प्युटर लिनक्सवर नुसत्या व्हिडिओने बंद पडणार नाही. तुलना करताना भार सारखा हवा.

रॅम आणि आतल्या जोडण्या

पहिला प्रश्न: रॅम वाढवल्यापासून सुरू झालं का? जुन्या पट्टीशेजारी वेगळ्या जातीची नवी पट्टी बसवली की दोन्ही एकेकट्या उत्तम चालतात आणि एकत्र अडखळतात, असं होतं. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाची सेटिंग चालू असेल तर ती बंद करून आठवडाभर बघा. वेष्टनावर लिहिलेला वरचा वेग त्या सेटिंगने मिळतो, पण तो प्रत्येक मदरबोर्डला आणि प्रोसेसरला झेपेलच असं नाही.

नाहीतर सगळ्या पट्ट्या काढा, सोनेरी कडा कोरड्या मऊ कापडाने किंवा पांढऱ्या खोडरबरने हलक्या पुसा, रबराचा भुगा पूर्ण झटका, आणि एकच पट्टी बसवून चालवा. दोन पट्ट्या असतील तर आलटून पालटून. कोणत्या पट्टीबरोबर बंद पडतो ते लगेच कळतं. दोन्ही लावताना बहुतेक चार खाचांच्या मदरबोर्डवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते.

मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं साधन रात्रभर लावून ठेवा. एक जरी चूक दाखवली तरी रॅम किंवा तिची सेटिंग सदोष; "एकच तर चूक आहे" असं म्हणून सोडू नका. आणि चाचणी चालू असतानाच कॉम्प्युटर बंद पडला, तर तोही निकालच आहे: विंडोज चालूच नव्हती.

कॅबिनेट उघडंच आहे तर २४ पिनांची मोठी केबल, प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची केबल आणि ग्राफिक्स कार्डाची केबल काढून पुन्हा टक् होईपर्यंत बसवा. काढताना टोकाचं प्लास्टिक वितळलेलं किंवा काळं दिसलं तर ती केबल परत लावू नका.

मदरबोर्डवरची गोल सेल, सीआर२०३२, बदलून बंद पडणं थांबत नाही. तारीख-वेळ पुन्हा पुन्हा मागे जात असेल तरच ती बदला.

एसएमपीएस

वरचं सगळं नीट असेल, तर आता एसएमपीएस. हा भाग शेवटी ठेवते कारण घरी त्याची खरी परीक्षा घेता येत नाही. हिरवी आणि काळी तार जोडून पंखा फिरवून दाखवतात, त्यातून तो सुरू होतो एवढंच कळतं. भार पेलतो का हे कळत नाही. मल्टिमीटरने पिवळ्या आणि काळ्या तारेत ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत, त्याबाहेर असेल तर एसएमपीएस गेला. पण आकडा बरोबर आला तरी तो सुटत नाही, कारण पाव सेकंदाचा दाबातला झोल साध्या मीटरवर दिसत नाही. ओळखीच्या कुणाचा पुरेशा क्षमतेचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं हीच खरी चाचणी.

तसा उसना एसएमपीएस लावताना, किंवा कायमचा बदलताना, त्याच्या सगळ्या केबल त्याच्याच वापरा. सुट्या केबलचे एसएमपीएस असतात, त्यांच्या मदरबोर्डकडच्या टोकाची रचना ठरलेली आहे, पण एसएमपीएसकडच्या टोकाची नाही. एकाची केबल दुसऱ्यात घट्ट बसते आणि भलत्या तारेवर भलता दाब जाऊन डिस्क, मदरबोर्ड जळतात.

ग्राफिक्स कार्ड वाढवल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर एसएमपीएस बिघडलेला नसेल, नुसता अपुरा असेल. हिशेब सोपा आहे. समजा इंटेल कोअर आय५-१२४०० आहे, त्याचा जास्तीत जास्त ओढा ११७ वॅट. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० कार्ड, १७० वॅट. मदरबोर्ड, डिस्क, पंखे मिळून ७५ धरा. बेरीज ३६२. एसएमपीएस या बेरजेच्या दीडपट तरी असावा, म्हणजे ५५० वॅट. एवढी सवड ठेवायचं कारण म्हणजे ग्राफिक्स कार्ड काही क्षणांसाठी आपल्या ठरलेल्या आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं, आणि अपुरा एसएमपीएस ती उसळी बघताच स्वतःला वाचवायला बंद होतो. गेम सुरू होताच फाटकन बंद, ते हेच.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर विसंबू नका. एसएमपीएसच्या अंगावरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि त्याला १२ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही त्यावरच जगतात. ५०० वॅट लिहिलेल्या जुन्या एसएमपीएसमध्ये हा गुणाकार बराच कमी निघू शकतो. ८० प्लस ही खूण वीज किती वाया जात नाही ते सांगते. बाकीच्या दर्जाची हमी त्यात नाही.

इथे थांबा

एसएमपीएस उघडू नका. धूळ काढायलाही नाही. २३० व्होल्टवर चालणाऱ्या एसएमपीएसच्या आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ तशीच राहू शकते. त्याने जीव जाऊ शकतो.

जळका वास, ठिणगी, धूर, कॅबिनेटला झिणझिण्या, वितळलेला प्लग: यातलं काहीही दिसलं तर पुढची तपासणी करायची नाही. मेन स्विच बंद करा, प्लग काढा आणि जाणकाराला बोलवा. मदरबोर्डवरचे नळकांड्यासारखे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले किंवा गळलेले दिसले तरीही तुमचं काम संपलं. ते बदलायला बोर्ड दुरुस्त करणारा माणूस लागतो. आणि एसएमपीएस, रॅम, उष्णता सगळं निर्दोष निघूनही बंद पडत असेल, तर उरतो मदरबोर्ड किंवा क्वचित प्रोसेसर. घरी त्यांची खात्री करता येत नाही.

मदरबोर्ड जुना असेल तर दुरुस्तीआधी एक गोष्ट विचारात घ्या. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप किंवा सोय) लागतं. ज्या बोर्डावर ते नाही, त्याच पिढीचा दुसरा जुना बोर्ड शोधून त्यावर खर्च करणं मला पटत नाही. रॅम, डिस्क, कॅबिनेट यांतलं काय नव्या बोर्डावर चालेल ते आधी विचारा. डीडीआर४ रॅम डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही.

दुरुस्तीला देताना तुमचा तो कागद सोबत द्या: बंद पडण्याच्या वेळा, बगचेक कोड, तापमानाचा आकडा, काय काय बदलून पाहिलं आणि त्याने काय झालं. तुम्ही थेट भिंतीवर आणि एकाच रॅमवर चालवून पाहिलंय हे कळलं की समोरचा तेच पुन्हा करण्यात दोन दिवस घालवत नाही. डिस्क मात्र काढून घरीच ठेवा. पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालवून बंद पडतो का ते पाहता येतं, त्यासाठी तुमच्या फायली लागत नाहीत. परत आल्यावर लगेच निर्धास्त होऊ नका. जे काम करताना आधी बंद पडत होता, तेच काम त्याच यूपीएसवर, त्याच टेबलाखाली, आठ दिवस करून बघा, आणि कागदावर वेळा लिहिणं तोवर चालू ठेवा.